वायफायच्या लहरी आणि कॅन्सरची भीती

"झोपताना राउटर बंद करा, नाहीतर कॅन्सर होतो" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सगळा घोळ वायफायच्या लहरींना लावल्या जाणाऱ्या 'रेडिएशन' या शब्दाचा. दिव्याचा उजेडही रेडिएशनच असतो!

खरा प्रश्न एकेका फोटॉनमध्ये, म्हणजे अशा लहरींच्या सर्वांत छोट्या पुडक्यात, ऊर्जा किती, हा आहे. क्ष-किरणांचा फोटॉन अणूतला इलेक्ट्रॉन उखडू शकतो, त्यातून डीएनएला इजा होते. वायफाय चालतं प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. त्याचा फोटॉन साध्या उजेडातल्या फोटॉनपेक्षाही लाखभर पटींनी दुबळा. त्याने डीएनए तुटत नाही. झालीच तर थोडी ऊब.

"मग मायक्रोवेव्ह ओव्हन कसा शिजवतो? लहरी त्याच ना?" जवळपास त्याच. पण ओव्हन ७०० ते १००० वॉट एका बंद पेटीत कोंडतो. राउटरचे साधारण ०.१ वॉट, तेही घरभर विखुरलेले. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरी (वायफायच्याही यातच येतात) '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या, हे खरं. पण हा गट धोका किती मोठा ते सांगत नाही, पुरावा किती भक्कम ते सांगतो. हा पुरावा मर्यादितच होता, आणि मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलबद्दलचा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे.

वायफायने डोकं दुखतं म्हणणाऱ्यांचा त्रास खोटा नसतो. मात्र लहरी चालू की बंद हे लपवून केलेल्या चाचण्यांत त्यांना ते ओळखता आलेलं नाही.