‘बोय’ आणि ‘मे बोय’: एका ‘मे’साठी किती गोंधळ!

चांगली दोन-दोन वर्षं स्पॅनिश शिकलेली माणसं निरोप घेताना दारात उभी राहून ‘या बोय’ म्हणतात, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. (‘या’ म्हणजे ‘आता’, ‘बोय’ म्हणजे ‘जातो’. ‘बोय’ लिहिताना व्ही, बोलताना ब. त्यात अडकू नका.)

आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आतून हाक आली की ‘आलो, आलो!’. स्पॅनिशमध्ये या दोन्ही ठिकाणी ‘येणे’ चालत नाही, ‘जाणे’च लागतं. हाकेला ओ देताना ‘बोय!’ किंवा ‘या बोय!’, म्हणजे आपलं ‘आलोच’. निघताना मात्र ‘मे बोय’, ‘या मे बोय’. तो ‘मे’ गिळला की अर्थच उलटतो. माद्रिदला एका मैत्रिणीच्या घरी जेवण झाल्यावर मी पिशवी खांद्याला लावून मोठ्या ऐटीत ‘या बोय’ म्हणालो. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली, ‘नको नको, तू बस, मी आणते कॉफी!’ मी मदतीला आत येतोय असं त्यांना वाटलं. पुढे तासभर बसलो.

पुस्तकं या ‘मे’चा अर्थ ‘स्वतःला’ असा देतात. ‘मी स्वतःला जातो’ हे कुठलं मराठी? सरळ लक्षात ठेवा: ‘इर’ म्हणजे जाणे (‘बोय’ हे त्याचंच रूप), ‘इर्से’ म्हणजे निघणे (‘मी’साठी ‘से’चा ‘मे’ होतो). जाण्याला ठिकाण लागतं, निघण्याला नाही. म्हणून ‘तेंगो के इर’, ‘मला जायला हवं’, एवढंच म्हणालात तर समोरचा ‘आदोन्दे?’, म्हणजे ‘कुठे?’ असं विचारणारच. ‘तेंगो के इर्मे’ म्हणा, ‘मला निघायला हवं’. कुणी काही विचारणार नाही. हीच गोष्ट ‘बोय आ माद्रिद’ आणि ‘मे बोय आ माद्रिद’ची. पहिल्यात माद्रिदला जातोय, एवढंच. दुसऱ्यात इथून बाडबिस्तरा उचलल्याचा वास येतो.

‘तेंगो के इर्मे’ की ‘मे तेंगो के इर’? दोन्ही एकच, वाद घालू नका. मला दुसरं जिभेवर सोपं वाटतं. फक्त निघणारे आपण अनेकजण असू तर ‘मे’च्या जागी ‘नोस’: ‘तेनेमोस के इर्नोस’. तिथे ‘इर्से’ तसंच ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच अर्थाचं ‘देबो इर्मे’ही बरोबर आहे, पण मित्रांत जरा कडक इस्त्रीचं वाटतं.

फोनवर ‘ते देखो’. हिंदीशी संबंध नाही. शब्दशः ‘तुला सोडतो’, म्हणजे आपलं ‘चल, ठेवतो’.

आणि लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी उठता उठता ‘मे फ्वी’ म्हणतात, ‘गेलो मी’, चक्क भूतकाळात. हसू नका. आपणही ‘चाललो मी’ म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं चपला शोधत असतो.