पाणी ओसरतं तेव्हा

इंग्लंडच्या सॉमरसेट भागात १९७० साली चर साफ करताना एका कामगाराला पीटमध्ये लाकडाची फळी लागली. पीट म्हणजे दलदलीत झाडपाला अर्धवट कुजून हजारो वर्षं साचत गेलेला काळपट थर. फळी निघाली दलदल ओलांडायला बांधलेल्या पायवाटेची. खोडातल्या वाढीच्या वलयांवरून हिशेब लावला, तर झाडं इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ च्या सुमारास तोडलेली. जवळजवळ सहा हजार वर्षांचं लाकूड!

ते टिकलं, कारण ते पाण्यातून कधी बाहेर आलंच नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि पाण्यानं गच्च भरलेल्या थरात तो फारसा पोचत नाही. काही जिवाणू तिथेही लाकूड पोखरतात, पण गोगलगायीच्या चालीनं. तेव्हा नदी-कालव्याकाठच्या जुन्या वस्तूंना पाणी खातं, असं सरसकट म्हणणं अर्धंच खरं. जास्त घात करते ती पातळीची वरखाल.

यॉर्कशायरमधलं स्टार कार हे त्याचं जिवाला चटका लावणारं उदाहरण. एका पुरातन तळ्याकाठची, सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची ही वस्ती. १९४९ ते १९५१ या काळात इथं उत्खनन झालं, तेव्हा हाडं आणि हरणांची शिंगं सुस्थितीत मिळाली. पुढे शेतीसाठी आसपासच्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत गेला. ओला थर सुकला, आत हवा शिरली आणि मातीतल्या गंधकाच्या संयुगांपासून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं. या शतकात पुन्हा खणलं, तर काही हाडांतलं खनिज पार विरघळून गेलेलं. हाती आलं ते जेलीसारखं, बोटानं दाबलं तर दबणारं. हजारो वर्षं जे निभावलं, ते काही दशकांत हातचं गेलं, तेही कुणी हात न लावता.

म्हणूनच अशा जागी सगळ्यात मोलाचं काम दिसायला अगदी रटाळ असतं. जमिनीत छिद्रांची नळी रोवायची आणि वर्षानुवर्षं पाण्याची पातळी, आम्लता, विरघळलेला प्राणवायू नोंदवत राहायचं. सॉमरसेटच्या पायवाटेचा जो भाग जमिनीतच ठेवलाय, तिथं पंपानं पाणी पुरवून थर ओला राखतात.

उभ्या बांधकामांची तऱ्हा वेगळी. ॲमस्टरडॅममधल्या कालव्यांच्या कितीतरी भिंती लाकडी खांबांवर उभ्या आहेत. त्या बांधल्या तेव्हा वरून घोडागाड्या जायच्या, आता मालाचे ट्रक जातात. १ सप्टेंबर २०२० रोजी त्यातल्या एका भिंतीचा मोठा तुकडा कालव्यात कोसळला. अशी भिंत पडण्याआधी बरेचदा किंचित कलते किंवा खचते. ते टिपण्यासाठी भिंतीवर छोटे आरसे बसवून काठावरच्या यंत्रानं त्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजतात. शिवाय वरून उपग्रह आहेतच. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीवर आपटून परत येते. पुढच्या फेरीत परतलेली लहर आधीच्या लहरीच्या तुलनेत किती पुढे-मागे सरकली हे पाहिलं, की काही मिलिमीटरची हालचालसुद्धा कळते. मात्र हे रडार पाण्याखाली डोकावू शकत नाही. आणि पुलांचं दुखणं नेमकं तिथंच असतं.

पुरात पाणी पुलाच्या खांबाला आदळून खाली वळतं. खांबाच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा फिरू लागतो आणि तळाची वाळू उपसून नेतो. वर वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग अडला, तर प्रवाहाचा जोर आणखी वाढतो. प्राग शहरातल्या चार्ल्स पुलाच्या तीन कमानी १८९० च्या महापुरात कोसळल्या, तेव्हाही ओंडके अडकले होते. यातली खरी लबाडी पुढे आहे. पूर ओसरताना प्रवाह मंदावतो आणि वाळू त्याच खड्ड्यात परत येऊन बसते. आठवड्यानं पाणबुड्या उतरला, तर त्याला सपाट तळ दिसतो आणि अहवालात ‘ठीक’ असा शेरा पडतो. पण ती वाळू सैल असते, पायाला तिचा आधार जवळपास नसतोच. त्यासाठी पूर चढलेला असतानाच खोली मोजावी लागते, खांबावर कायमचं बसवलेलं सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र लावून.

कधी मात्र पाणी उतरणं ही संधीही असते. इराकमध्ये तैग्रिस नदीवरच्या मोसुल जलाशयाची पातळी दुष्काळात खूप खाली गेली आणि केमुने इथलं, मितानी या प्राचीन राज्याच्या काळातलं शहर उघडं पडलं. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संशोधकांनी घाईघाईनं उत्खनन केलं. मातीच्या रांजणांत कीलाकार, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या प्राचीन लिपीतल्या शंभराहून अधिक पाट्या सापडल्या, त्याही इतकी वर्षं पाण्याखाली राहिलेल्या कच्च्या मातीच्या. काम आटोपल्यावर कच्च्या विटांच्या भिंतींवर प्लास्टिकचं आवरण घट्ट बसवलं, त्यावर खडी टाकली. मग जलाशय पुन्हा भरला.