प्रवाळांचा ताप मोजताना

1998 च्या उन्हाळ्यात हिंदी महासागर तापला आणि मालदीव-लक्षद्वीपची प्रवाळं पांढरीफटक पडली. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला रंग देतं आणि बहुतेक अन्नही. पाणी एखाद-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की हे शेवाळ निघून जातं आणि खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. पाणी वेळेत निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपाशी मरतं.

तोवरची पाहणी म्हणजे माणसाची अंगमेहनत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेवर 1980 च्या दशकापासून चालत आलेली रीत अशी: होडीमागे दोर, दोराला फळी, फळीला धरलेला निरीक्षक. होडी त्याला दोन मिनिटं ओढते आणि थांबते. जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, प्रवाळ फस्त करणारे काटेरी तारामासे किती, हे तो फळीवरच्या कागदावर टिपतो. मग पुन्हा दोन मिनिटं. आणि ही रीफ तब्बल 2,300 किलोमीटर लांब! मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं.

2000 साली अमेरिकेच्या ‘नोआ’ने, म्हणजे समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘कोरल रीफ वॉच’ सुरू केलं. उपग्रहाकडून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायचं. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा ते एक अंश किंवा अधिक चढलं, की तो जादा ताप 12 आठवड्यांच्या खात्यात जमा करत जायचा. ही ‘अंश-आठवड्यां’ची (जादा अंश गुणिले आठवडे) बेरीज 4 वर गेली की प्रवाळ पांढरं पडण्याची भीती, 8 वर गेली की मरण्याची. सुरुवातीला नकाशाचा एकेक चौकोन 50 किलोमीटरचा होता, आता 5 किलोमीटरचा आहे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने 2011 पासून अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छ आणि मन्नारसाठी असेच इशारे द्यायला सुरुवात केली. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅमेऱ्याने तारामासे ओळखून त्यांना इंजेक्शन देऊन मारणारा ‘रेंजरबॉट’ हा यंत्रमानवही पाण्यात उतरला.

आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळं आहेत, हे किल्ला पाहून परतणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं? उपग्रह इथल्या पाण्याचा ताप सांगेल, पण नांगराने मोडलेली फांदी त्याला दिसणार नाही. पाणी गढूळ असलं की वरून तळ दिसत नाही. तिथे अजूनही कुणीतरी बुडी मारून, हाताने टेप धरूनच मोजावं लागतं.