खोगीर कोणाच्या मापाचे? निवडीमागचा इतिहास

खोगीर निवडताना आज दोन मापे घेतली जातात, एक घोड्याच्या पाठीचे आणि दुसरे स्वाराच्या बैठकीचे. या दोहोंपैकी पाठीचे माप आधी घ्यावे, हा आग्रह मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. घोड्याच्या पाठीची जाण जुन्या कारागिरांना नव्हती असे नाही. खोगीर बनवणारा आणि ते ज्याच्या पाठीवर चढणार तो घोडा यांची गाठ पडेनाशी झाली, शेकड्यांनी आणि हजारांनी एकसारखी खोगिरे तयार होऊ लागली, तेव्हा ती जाण व्यवहारातून निसटली आणि लष्करांनी तिची भारी किंमत मोजली. आजच्या निवडीचे बहुतेक नियम त्या अनुभवातून आले आहेत.

जिथे खोगीर नव्हते तिथे निवड पाठीचीच होत असे. ग्रीक सेनानी झेनोफन याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात घोडा कसा पारखावा हे लिहून ठेवले, त्यात कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली पाठ त्याने पसंत केली आहे, कारण अशा पाठीवर बसणे सुखाचे होते. त्याच सुमारास मध्य आशियातील भटके समाज पहिली खरी खोगिरे वापरत होते. अल्ताई पर्वतातील पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत आणि चीनच्या तुर्फान भागातील यांगहाई येथील एका स्त्रीच्या थडग्यात सापडलेल्या खोगिरांची घडण एकाच विचाराची आहे: केस किंवा गवत भरलेल्या दोन गाद्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, आणि मधली जागा मोकळी. कण्यावर भार पडू द्यायचा नाही, हा आजच्या प्रत्येक खोगीरतज्ज्ञाचा पहिला नियम म्हणजे या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा नियम होय, आणि मला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा धागा वाटतो.

पुढची मोठी पायरी लाकडी सांगाड्याची. पश्चिम मंगोलियातील उर्द उलान उनीत या गुहेत सापडलेले बर्च लाकडाचे खोगीर इसवी सनाच्या चौथ्या शतकातील आहे. दोन लांबट फळ्या पाठीच्या दोन्ही अंगांवर आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या-मागच्या कमानी, अशी ही रचना स्वाराचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवते. रिकिबीचा प्रसारही याच काळातला, आणि त्याला यांत्रिक कारण आहे. सांगाडा नसताना रिकिबीवर उभे राहिले, तर सारा भार पट्ट्यापुरत्या अरुंद जागेवर येतो आणि पाठ सोलवटते. सांगाडा तो भार वाटून घेतो. पाय अडकवण्याची कल्पना मात्र त्याआधीची आहे. सांचीच्या आणि आपल्याकडील भाजे लेण्यांतील शिल्पांत घोड्याच्या पट्ट्यात पाय अडकवलेले स्वार अभ्यासकांनी नोंदवले आहेत, आणि ती शिल्पे चिनी रिकिबींहून काही शतकांनी जुनी आहेत.

यानंतरची सुमारे पंधराशे वर्षे खोगिराचा आकार मुख्यतः स्वाराच्या कामाने घडवला. भाल्याचा धक्का सोसणाऱ्या युरोपीय सरदाराला मागे-पुढे उंच कमानी हव्या होत्या. अठराव्या शतकात फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनिएर याच्या काळात घोडेस्वारीच्या शाळेतल्या शिस्तबद्ध स्वारीसाठी त्या कमानी खाली आल्या, आणि इंग्लंडात कुंपणे ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांनी खोगीर आणखी सपाट केले. स्पेनमधून मेक्सिकोत गेलेल्या खोगिराला गुराख्यांनी दोर गुंडाळण्यासाठी पुढे खुंटी दिली. इटालियन घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८ ते १९०७) याने उडी मारताना स्वाराने पुढे झुकावे हे पटवून दिले, त्यामुळे उडीच्या खोगिराच्या बाजूच्या झडपा पुढे सरकल्या. आज दुकानात दिसणारे प्रकार, म्हणजे ड्रेसाजचे (शिस्तबद्ध शालेय स्वारीचे), उडीचे, सर्वसाधारण वापराचे आणि पाश्चात्त्य धाटणीचे, याच वाटांनी आले.

पाठीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो सरकारी पुरवठ्याने. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा आणि सरंजाम स्वतःचा असे, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. जो घोडा आपला आहे आणि मेला तर नुकसान आपले आहे, त्याच्या पाठीकडे स्वाराचे लक्ष अधिक राहणार, हा माझा तर्क आहे. ही शिलेदारी पद्धत ब्रिटिश हिंदी घोडदळाने उचलली आणि पहिल्या महायुद्धाच्या ताणाखाली ती कोलमडेपर्यंत चालवली. युरोप-अमेरिकेतील सैन्यांनी मात्र एकाच नमुन्याचा आग्रह धरला. अमेरिकी लष्कराने १८५९ मध्ये स्वीकारलेले मॅक्लेलन खोगीर मधोमध उघडे, हलके आणि स्वस्त होते. ते वेगवेगळ्या मापांत मिळे, पण ती मापे स्वाराच्या बैठकीची होती. मोहिमेत घोडा वाळला की कमानीची रुंदी आणि पाठीचा आकार यांचा मेळ सुटे, आणि जखमा होत.

ब्रिटिशांना हा धडा दक्षिण आफ्रिकेतील १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात मिळाला. त्या युद्धात त्यांचे तीन लाखांहून अधिक घोडे गेले. उपासमार, अतिश्रम आणि हवापाण्याला न सरावलेले घोडे तडक मोहिमेवर धाडणे ही मुख्य कारणे होती, तरी सोलवटलेल्या पाठींमुळे निकामी झालेल्या जनावरांचा प्रश्नही गंभीर होता. लष्करी पशुवैद्यक फ्रेडरिक स्मिथ यांनी खोगीर आणि पाठीच्या जखमा यांचा संबंध युद्धापूर्वीच तपशिलाने मांडला होता. अखेर १९१२ च्या ब्रिटिश लष्करी खोगिरात पोलादी कमानींना बाजूच्या फळ्या बिजागरीसारख्या जोडल्या गेल्या, त्यामुळे त्या रुंद-अरुंद पाठींवर आपसूक टेकत, आणि घोडा बारीक झाला की खालच्या घोंगडीच्या घड्या बदलून पोकळी भरता येई. खोगिराने घोड्याशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व सरकारी नमुन्यात इतक्या ठळकपणे उतरले, हे या कहाणीतले खरे वळण मानावे लागेल.

आजची तपासणी त्याच तत्त्वावर उभी आहे. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या आधार नसलेल्या भागावर जाऊ नये. पुढे मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर कमान टेकू नये आणि खांद्याचे हाड मोकळे फिरावे. मधल्या खाचेतून कण्याला स्पर्श होऊ नये, आणि बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर यावा. एवढे जुळल्यावर स्वाराची पाळी येते: मांडीच्या लांबीवरून झडपेची लांबी आणि बैठकीचे माप. क्रम उलटला, म्हणजे आधी स्वाराच्या सोयीचे खोगीर घेऊन मग ते जाड नमद्याने, म्हणजे खालच्या लोकरी गादीने, घोड्याला बसवण्याचा प्रयत्न झाला, तर अरुंद कमानीचा दाब कमी होण्याऐवजी वाढतो.

आपल्याकडे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कानपूर हे लष्करी गरजेतून वाढलेले खोगिरांचे केंद्र आहे, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यांचा मोठा हिस्सा परदेशात जातो. परदेशी ग्राहकाच्या उंच, लांब पाठीच्या घोड्यासाठी बेतलेला सांगाडा दख्खनच्या भीमथडी तट्टाच्या आखूड पाठीवर शेवटच्या बरगडीपलीकडे जाण्याचा धोका असतो. भीमथडीला २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. तिच्या पाठीच्या मापांचे सांगाडे बनवणे हे आता कारागिरांचे आणि संवर्धकांचे पुढचे काम असायला हवे. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे आणि एकाच घोड्यावर दिवसभरात निरनिराळ्या वजनाचे पर्यटक बसतात, तिथे स्वाराचे माप धरून खोगीर निवडणे शक्यच नाही. तिथे माप घोड्याचेच घ्यावे लागेल, आणि पावसाळ्यानंतर त्याची शरीरयष्टी बदलली की ते पुन्हा घ्यावे लागेल.