ओडियम आणि अप्रोब्रियम: दोन्ही तिरस्काराचेच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही

'ओडियम' हा इंग्रजी शब्द बोलण्यात फारसा येत नाही. तो भेटतो अग्रलेखात, निकालपत्रात, इतिहासाच्या पुस्तकात. 'अप्रोब्रियम'ही तिथेच वावरतो. शब्दकोशात दोन्हींचे अर्थ एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे लिहिताना त्यांची सर्रास अदलाबदल होते.

ओडियम म्हणजे पुष्कळ लोकांच्या मनात एखाद्याविषयी साचलेला तिरस्कार. तो कुणी तोंडाने बोलून दाखवलाच पाहिजे असं नाही. अप्रोब्रियम मात्र उघड असतं: चारचौघांत होणारी निर्भर्त्सना, आपल्याकडची 'छी-थू'. शिवाय त्यामागे लाजिरवाणं मानलं गेलेलं काहीतरी कृत्य लागतं. कर गोळा करणाऱ्या माणसाच्या वाट्याला ओडियम येऊ शकतं, त्याने काही गैर केलेलं नसलं तरी. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा प्लेग अधिकारी रँडबद्दल लोकांच्या मनात जे साचत गेलं, त्याला ओडियमच म्हणावं. याउलट २००० साली दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचं कबूल केल्यावर जगभर त्याच्यावर जी टीका झाली, ते अप्रोब्रियम. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात, पण नेमकं कशाबद्दल लिहितो आहोत ते आधी ठरवावं.

व्युत्पत्ती पाहिली की हा फरक डोक्यात पक्का बसतो. ओडियम लॅटिनमधून जसाच्या तसा आला, साधारण १६०० च्या सुमारास. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सरळ 'द्वेष'. त्याचं क्रियापद 'ओदी', म्हणजे 'मी द्वेष करतो'; गंमत अशी की रूप भूतकाळाचं आणि अर्थ वर्तमानाचा. 'ओडियस' हे विशेषण याच घरातलं. रोजच्या वापरातला 'अनॉय'सुद्धा! लॅटिनमधल्या 'इन ओदिओ' या शब्दप्रयोगापासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि वाटेत त्याची धार बोथट होऊन नुसता वैताग उरला. कंटाळ्यासाठीचा 'आँन्वी' त्याचाच भाऊ. 'ओडर', म्हणजे वास, याचं मात्र ओडियमशी काही नातं नाही. म्हणून 'ओडियस' म्हणजे दुर्गंधीयुक्त, असा अर्थ लावू नये.

अप्रोब्रियममध्ये 'ओब' हा उपसर्ग आणि 'प्रोब्रुम' हा शब्द आहे. प्रोब्रुम म्हणजे लाजिरवाणं कृत्य, आणि त्यावरून दिलेला दोषही. म्हणजे कृत्य शब्दाच्या पोटातच आहे. पुढच्या प-मुळे 'ओब'मधल्या ब-चा प झाला, जसं आपल्याकडे सत् + जनचं सज्जन होतं. स्पेलिंगमध्ये दोन पी येतात ते यामुळे. चूक मात्र बहुधा पुढे होते: बी-नंतरचा आर गळतो. उच्चारात आघात 'प्रो'वर, सुरुवातीचा स्वर अगदी हलका.

वाक्यात वापरताना 'आय हॅव ओडियम फॉर हिम' असं लिहू नये. एकट्याच्या मनातल्या द्वेषाला 'हेट्रेड' किंवा 'लोदिंग' म्हणतात. ओडियम 'इन्कर' केलं जातं, म्हणजे ओढवून घेतलं जातं, किंवा कुणावर 'ब्रिंग' केलं जातं. अप्रोब्रियमसोबत 'हीप' हे क्रियापद शोभतं, कारण त्याचा ढीग माणसावर रचता येतो.

विशेषणांत तर दिशाच उलटते. 'ओडियस' म्हणजे ज्याचा तिटकारा यावा असा माणूस किंवा वागणूक. 'अप्रोब्रियस' हे बहुधा भाषेला लावतात: दुसऱ्याची नालस्ती करणारे शब्द. 'ओडियस' माणसाबद्दल लोक 'अप्रोब्रियस' भाषा वापरतात. ही जागा बदलली की वाक्य फसलंच.

एक अपवाद ठाऊक असावा: 'ओडियम थिऑलॉजिकम'. धर्मशास्त्राच्या वादात पंडितांमध्ये एकमेकांबद्दल जी कडवट द्वेषबुद्धी येते, तिच्यासाठी हा ठरलेला लॅटिन शब्दप्रयोग आहे. तिथे जनतेचा रोष अभिप्रेत नसतो आणि अप्रोब्रियम बसवताही येत नाही.