कासवाच्या पोटावरचा कौल

चिनी लिपी म्हटलं की आपल्याकडे लगेच चित्रलिपीवर गाडी जाते, पण तिचे जे सगळ्यात जुने भरपूर लेख सापडलेत ते मुळात कशासाठी लिहिले होते हे फारसं कोणी सांगत नाही. हिशोब नाही, कविता नाही, कायदा नाही. कौल लावायला! राजाचा दात दुखतोय, हे वारलेल्या कुठल्या चुलत्याच्या कोपामुळे, असले प्रश्न.

काळ साधारण इ.स.पू. 1250 च्या आसपासचा, शांग घराणं, राजा वू दिंग, आणि जागा म्हणजे आजच्या हेनान प्रांतातलं आनयांग. पद्धत अशी की बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाचं कवच घ्यायचं (पाठीचं कमी, पोटाकडचं जास्त, कारण ते सपाट असतं), मागच्या बाजूने छोटे छोटे खळगे कोरायचे आणि त्यात तापलेलं काहीतरी टेकवायचं. मग पुढच्या बाजूला तडा जातो, एक उभी रेघ आणि तिला फुटलेला आडवा फाटा. कौल या अर्थाचं चिनी अक्षर आजही अगदी तसंच दिसतं, आणि त्याचा जुना उच्चार म्हणे हाड तडकल्याच्या आवाजासारखा होता. तडा कसा गेला ते बघून राजा अर्थ सांगणार आणि नंतर कोरणारा माणूस प्रश्न, तारीख, कौल लावणाऱ्याचं नाव हे सगळं त्याच कवचावर कोरणार.

एक कवच तर अगदी घरगुती आहे. वू दिंगची राणी फू हाओ गरोदर होती, तर एका बाजूला कोरलंय की बाळंतपण चांगलं होईल आणि दुसऱ्या बाजूला की चांगलं होणार नाही, म्हणजे हो आणि नाही दोन्ही देवापुढे ठेवायचे, आपल्या कोकणात कौल लावतात तेव्हा डावं-उजवं बघतात ना तसंच काहीसं. राजा म्हणाला दिंग वारी झाली तर चांगलं, गंग वारी झाली तर फारच उत्तम (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा होता). आणि खाली निकालही कोरलाय: 31 व्या दिवशी, भलत्याच वारी बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. वाचून राग येतो, पण याच फू हाओने सैन्य घेऊन मोहिमा केल्याचे उल्लेख दुसऱ्या हाडांवर आहेत, आणि 1976 साली तिची कबर सापडली ती चोरांचा हात न लागलेली, त्यात शेकडो काशाची भांडी, साडेसातशेच्या वर जेडच्या वस्तू आणि हजारो कवड्या. कवडी म्हणजे तेव्हा मौल्यवान वस्तू, आपल्यासारखी कवडीमोल नाही. विकत घेणे, खजिना, व्यापार अशा कितीतरी चिनी अक्षरांत ती कवडी अजून बसलीय.

आता हे सगळं जवळपास तीन हजार वर्षं जमिनीत पडून होतं. शेतकऱ्यांना नांगरताना तुकडे मिळायचे ते औषधवाल्यांना विकले जायचे, 'ड्रॅगनची हाडं' म्हणून कुटून खायला! 1899 मध्ये बीजिंगमधले मोठे विद्वान वांग यिरोंग यांच्या लक्षात आलं की यावर जुनी अक्षरं आहेत. ते मलेरियाने आजारी होते आणि औषधाच्या पुडीत हाड सापडलं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती मला जरा जास्तच जुळवलेली वाटते. पुढच्याच वर्षी परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा वांग यांनी जीव दिला, आणि त्यांचा संग्रह लेखक ल्यू अ यांच्याकडे गेला, त्यांनी 1903 मध्ये हाडांवरच्या अक्षरांचे ठसे छापून पुस्तक काढलं. हाडं नक्की कुठून येतात ते व्यापारी काही सांगेनात, ते आनयांगजवळचं श्याओतुन गाव आहे हे कळायला 1908 उजाडलं आणि सरकारी उत्खनन सुरू झालं ते 1928 ला.

पण इतिहासाच्या दृष्टीने खरी मजा 1917 ची. इ.स.पू. 100 च्या सुमारास चिनी इतिहासकार सिमा च्येनने शांग राजांची यादी लिहून ठेवली होती, म्हणजे ते घराणं बुडून साडेनऊशे वर्षं झाल्यावर, त्यामुळे ती कितपत खरी मानायची हा प्रश्न होताच. वांग ग्वोवेइ या दुसऱ्या विद्वानांनी हाडांवरच्या राजांची नावं काढून यादीशी ताडून बघितली तर यादी जवळजवळ बरोबर निघाली! एका ठिकाणी तीन पूर्वजांचा क्रम चुकला होता, तोही त्यांनी फुटलेले दोन तुकडे जोडून दुरुस्त केला.

विचारांच्या बाजूने बघायचं तर शांगांचं जग म्हणजे मेलेल्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं होतं. मग इ.स.पू. 1046 च्या सुमारास पश्चिमेकडच्या झोउ लोकांनी त्यांना हरवलं, आणि जिंकल्यावर आपण का जिंकलो हेही सांगावं लागतंच. त्यांनी 'तियान' म्हणजे आकाश, त्याची आज्ञा, अशी कल्पना पुढे आणली. मोठा यू दिंग नावाचं काशाचं भांडं आहे, आतून 291 अक्षरं, त्यात झोउ राजा सरळ म्हणतो की शांगांचे अधिकारी दारूत बुडाले म्हणून त्यांच्याकडची आज्ञा गेली. (शांगांच्या भांड्यांत दारूची भांडी किती आहेत ते बघितलं तर आरोप अगदीच हवेतला नाही.) म्हणजे पूर्वज खूश आहेत का यावरून गाडी राजा नीट वागतोय का यावर आली, आणि कन्फ्यूशियसचा सगळा विचार याच झोउ परंपरेवर उभा आहे. तो स्वतः शांगांच्या वंशातला मानला जातो आणि त्याची तक्रार नोंदलेली आहे की त्या काळच्या रीतींबद्दल मी बोलू शकतो पण कागदपत्रं पुरेशी नाहीत. कागदपत्रं आनयांगच्या मातीत होती.

ती न बघता पुढच्या विद्वानांनी अक्षरांवरून तत्त्वज्ञान काढलं ते वेगळंच. राजा या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि एक उभी. इ.स. 100 मध्ये शू शेनने 9353 अक्षरांचा कोश केला त्यात सांगितलंय की आकाश, माणूस, पृथ्वी यांना जोडतो तो राजा, आणि हे शतकानुशतकं शिकवलं गेलं. हाडांवर बघाल तर तिथे कुऱ्हाडीचं पातं आहे, धार खाली.

दुसरं उदाहरण 'करणे' या क्रियापदाचं. शू शेन म्हणतो ही माकडीण आहे. हाडांवर स्पष्ट दिसतं, हात आणि त्या हाताने धरून नेलेला हत्ती, सोंडेसकट! बिचाऱ्याची चूक नाही, तोपर्यंत अक्षराचा आकार पार बदलला होता आणि उत्तरेत हत्तीही उरले नव्हते. पण वू दिंगच्या काळात होते, शिकारीच्या नोंदी आहेत आणि आनयांगला हत्तींचे सांगाडेही निघालेत. हेनान प्रांताचं एका अक्षराचं जुनं नाव आहे 'यू', त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे हत्ती, आणि ते अक्षर आज आनयांगच्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर असतं.