स्कूटर, बाबा आणि पुरुषाची गाडी

सकाळच्या शाळेच्या वेळी पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी जा. मुलांना सोडायला आलेले बरेच बाबा बिनगिअरच्या स्कूटरवर दिसतील: पुढे पायाशी दप्तर, मागे पोर. वीसएक वर्षांपूर्वी याच वयाचे कितीतरी पुरुष ह्या गाडीला 'लेडीज गाडी' म्हणून नाक मुरडत. पुरुषाची गाडी कोणती, याचं उत्तर आपल्याकडे दोनदा फिरलं आणि दोन्ही वेळा त्याचा धागा पुण्याजवळच्या आकुर्डीपर्यंत, म्हणजे बजाजच्या कारखान्यापर्यंत जातो.

मूळ गाडी इटलीची. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये पियाज्जिओ कंपनीने व्हेस्पा आणली. ती आखणारे कोरादिनो दास्कानिओ विमानांचे अभियंते होते आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. म्हणून इंजिन झाकलेलं, कपड्यांना तेल लागणार नाही असं. समोर पत्र्याची ढाल आणि पाय ठेवायला मोकळी जागा. स्कर्ट घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं, हा विचार त्या आखणीतच होता. भारतात मात्र ती झाली बाबांची गाडी.

बजाजने आधी व्हेस्पा आयात केल्या आणि 1960 च्या सुमारास पियाज्जिओच्या परवान्याने इथेच बनवायला घेतल्या. तो करार 1971 मध्ये संपला. पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि साताऱ्यात 'प्रिया' बनू लागली. तरी गाड्या पुरेनात, कारण किती बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. दहा वर्षं थांबलेले लोकही होते. घाई असेल त्याने काळ्या बाजारात वरचे पैसे मोजायचे. अशी दुर्मीळ वस्तू ज्याच्या दारात, त्याचा संसार मार्गी लागला असं समजत. लग्नाच्या बोलणीतही 'जावयाला स्कूटर' हा विषय निघे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण कितीतरी मुलींच्या बापांनी ती स्कूटर कर्ज काढून दिली, हेही या इतिहासात लिहिलंच पाहिजे.

घरात आल्यावर त्या गाडीवर बाबांचं राज्य. सकाळी ती जरा कलती करायची, चोक ओढायचा, मग किका. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, त्यामुळे प्लग काजळायचा. मग बाबा उकिडवे बसून प्लग काढणार, पॉलिश पेपरने घासणार, फुंकर मारून पुन्हा बसवणार. आणि शेजारी पोरगं प्लगपाना हातात घेऊन मोठ्या जबाबदारीने उभं. त्या पिढीचे बरेच वडील मुलांशी फारसं बोलत नसत. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल कडेवर घेणंही अनेक घरांत बरं दिसत नसे. स्कूटरवर तो संकोच नव्हता. मूल पुढे दोन्ही हातांनी हँडलला धरून उभं, बाबांची हनुवटी त्याच्या डोक्याच्या वर, मधेच हॉर्न वाजवायची परवानगी. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते फार धोक्याचं होतं. पण बापलेकाची इतकी जवळीक दिवसात दुसऱ्या कुठल्या वेळी क्वचितच होत असेल.

आणि आई? ती मागे, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. शंभरेक किलोंची गाडी, डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवायचा. हे बायकांना जमणारच नाही, असं ठरवून टाकलेलं होतं. चेतकच्याच वर्षी, 1972 मध्ये, पुण्याच्याच कायनेटिकने लुना आणली आणि 1984 मध्ये बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. बाई स्वतःच्या गाडीवर निघाली. ही खरी मोठी घटना. बाबांच्या किल्लीचं महत्त्व तिथून उतरू लागलं.

'हमारा बजाज' ही लिंटास या जाहिरात कंपनीची मोहीम 1989 ची. तिच्यातला पुरुष घरादारासकट होता. पण तेव्हाच वारं बदललं होतं. 1985 मध्ये आलेली हिरो होंडा सीडी 100 चार-स्ट्रोकची, थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाणारी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. मग 2001 मध्ये बजाजनेच पल्सर ही मोटारसायकल आणली, आणि जाहिरातीत दोनच शब्द होते: 'डेफिनेटली मेल'. बारा वर्षांत एकाच कंपनीच्या जाहिरातीतला पुरुष असा बदलला. आधी त्याच्यामागे कुटुंब बसलेलं होतं. आता गाडीच नर झाली आणि पोराला उभं राहायला पुढे जागा उरली नाही. मला हे निव्वळ विक्रीचं तंत्र वाटत नाही. एका पिढीच्या मुलग्यांनी मर्दपणाची कल्पना त्या टाकीच्या आकारातून उचलली.

कंपनीच्या आतही बाप आणि मुलगा होतेच. चेतकचं उत्पादन 2006 च्या सुमारास थांबलं, आणि 2009 मध्ये मुलगा राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचं जाहीर केलं. वाईट वाटल्याचं वडील राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितलं. पुढे 2019 मध्ये चेतक विजेवर परत आली, ती राजीव यांच्याच काळात.

तोवर होंडाच्या ॲक्टिव्हाने सारा बाजार फिरवला होता. तीही पल्सरच्याच वर्षी, 2001 मध्ये आली. सुरुवातीला घरातल्या बाईसाठी घेतलेली ही गाडी हळूहळू पुरुषानेही चालवली, कारण भाजी, दप्तर आणि पोर तिच्यावरच मावतं. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात सकाळी जो मोकळा असेल तो ती काढतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने नियम काढला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाला जोडणारा हार्नेस आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. तो 2023 पासून लागू आहे. हार्नेस मात्र रस्त्यावर शोधून सापडत नाही. शाळांनी पालकसभेत याबद्दल बोलायला हवं, आणि आता पोराला सोडायला बाबा येतात, तेव्हा त्यांनाही त्या सभेला आवर्जून बोलवायला हवं.